अनोळखी माणसाकडून विंटेज गाडी किंवा पार्ट रोखीने घेताना: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

रोखीच्या व्यवहारात फसलेल्या गाडीवेड्यांच्या हकिगती ऐकल्या की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. गाडीतलं त्यांना चांगलं कळत असतं, पण क्रम चुकलेला असतो. पैसे बरोबर घेऊन गाडी बघायला जातात, बघताबघता भाव जुळतो, भाव जुळला म्हणून तिथेच नोटा मोजून देतात आणि कागद ‘दोन दिवसांत पाठवतो’ या आश्वासनावर सोडून परततात. बँकेतून दिलेल्या पैशाचा माग काढता येतो. नोट एकदा हातातून गेली की ती तुमची होती, हे सिद्ध करायला फक्त पावती आणि साक्षीदार उरतात, आणि ते त्याच वेळी तयार केलेले नसतील तर नंतर मिळत नाहीत.

म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडा. त्यातल्या एकाच नियमावर मी अजिबात तडजोड करणार नाही: गाडी बघायची फेरी वेगळी आणि पैसे द्यायची फेरी वेगळी. पहिल्या फेरीत खिशात फक्त येण्याजाण्याचा खर्च असावा.

## टप्पा १: रोख द्यायचीच का, ते आधी ठरवा

पहिला प्रश्न कायद्याचा. रोखीवरची बंधनं देशागणिक वेगळी आहेत आणि विक्रेत्याला ती माहीत असतीलच असं नाही.

भारतात १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारापोटी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही. स्वीकारली तर दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. अमेरिकेत रोख घ्यायला बंदी नाही, पण डीलरने एका व्यवहारात १० हजार डॉलरपेक्षा जास्त रोख घेतली तर त्याला फॉर्म ८३०० भरून ती सरकारला कळवावी लागते. युरोपीय संघात १० जुलै २०२७ पासून धंद्याच्या व्यवहारात १० हजार युरोंच्या वर रोख चालणार नाही. दोन खासगी व्यक्तींमधला व्यवहार त्यातून वगळला आहे, पण सदस्य देशांना याहून कडक मर्यादा ठेवता येते. तेव्हा विक्रेता ज्या देशातला आहे तिथला नियम वेगळा पाहून घ्या.

मर्यादा चुकवायला रक्कम तोडून देण्याची कल्पना हमखास कोणीतरी सुचवतं. तिचा उपयोग होत नाही. भारतातला नियम एकाच व्यवहारापोटी दिलेले हप्ते एकत्र मोजतो, आणि अमेरिकेत कळवणं टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तोडणं हाच गुन्हा आहे.

गाडी परदेशात असेल तर नोटा घेऊन सीमा ओलांडण्याचा प्रश्न येतो. अमेरिकेत १० हजार डॉलरच्या वर आणि युरोपीय संघात १० हजार युरो किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर ती जाहीर करावी लागते. रक्कम नेणं बेकायदा नाही, पण न सांगता नेली तर जप्त होऊ शकते.

माझं मत विचाराल तर पूर्ण चालू, महागड्या गाडीची मुख्य रक्कम बँकेतूनच द्यावी. गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असलेली अर्धवट गाडी, जत्रेतला पार्ट, मोडीतून वाचवलेला सांगाडा अशा लहान रकमांपुरतीच रोख ठीक आहे.

इशारा: ‘पावतीवर निम्मीच रक्कम दाखवू’ असं विक्रेता म्हणाला तर नकार द्या. उद्या गाडी चोरीची निघाली किंवा व्यवहार मोडला तर तुम्ही पावतीवरच्या आकड्यावरच दावा करू शकता. उरलेली निम्मी तुम्ही दिली होती हे कोणापुढे आणि कशाच्या आधारावर सांगणार?

## टप्पा २: फोनवरच चाळणी लावा

प्रवास करण्याआधी चार प्रश्न विचारा. कागद कोणाच्या नावावर आहेत? तुमच्याकडे गाडी कधीपासून आणि कोणाकडून आली? तिच्यावर कर्ज किंवा तारण आहे का? किल्ल्या किती आहेत? खरा मालक या चारही प्रश्नांना न अडखळता उत्तर देतो. ‘बघतो, सांगतो’ असं किल्ल्यांच्या बाबतीत समजू शकतं, मालकीच्या बाबतीत नाही.

मग एक फोटो मागा. तुम्ही सांगाल तो शब्द आणि आजची तारीख हाताने लिहिलेला कागद गाडीच्या पुढच्या काचेवर ठेवायचा, आणि कागद व नंबरप्लेट एकाच चौकटीत यायला हवेत. दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून स्वतःची म्हणून गाडी विकणारे इथेच गळतात. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर उलट शोधून बघायलाही दोन मिनिटं लागतात.

चासी नंबरही मागून घ्या. काही प्रामाणिक विक्रेते पूर्ण नंबर फोनवर द्यायला कचरतात, कारण त्यावरून बनावट कागद तयार होऊ शकतात. शेवटचे दोन-तीन आकडे झाकून पाठवले तरी चालेल. पण प्रत्यक्ष भेटीतही नंबर दाखवणार नाही, असा सूर असेल तर तिथेच थांबा.

समोरचा माणूस मालक नसेल तर हे लक्षात ठेवा:

- मालक दुसरीकडे आहे आणि भाऊ किंवा मित्र विकतोय: लेखी अधिकारपत्र आणि मालकाशी व्हिडिओ कॉल, दोन्ही हवेत. तरीही रोख भावाच्या हातात देऊ नका. पैसे मालकाच्या खात्यात जाऊ द्या.
- मालक वारलेला आहे: विकण्याचा अधिकार नक्की कोणाला आला हे दाखवणारा कागद मागा आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एकाने विकली आणि दुसरा वर्षाने उभा राहिला, असं जुन्या गाड्यांत खूप घडतं.
- विकणारा दलाल आहे: त्याचं कमिशन वेगळं, गाडीची किंमत वेगळी. दोन पावत्या, दोन सह्या.

तपासणी: ‘आज संध्याकाळपर्यंत आलात तरच, दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन बसलंय’ हे वाक्य ऐकू आलं का? दुसरं गिऱ्हाईक खरं असेल तर त्याला घेऊ द्या. घाई करायला लावणाऱ्या माणसाशी रोखीचा व्यवहार नको.

## टप्पा ३: पहिली फेरी, बिनपैशांची

बरोबर एवढं न्या: पातळ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक, टॉर्च, दांडीवरचा छोटा आरसा, चिंधी, पातळ कोरा कागद आणि मऊ पेन्सिल. शक्यतो जाणता मेकॅनिक सोबत घ्या. आणि विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. इंजिन गरम लागलं तर ते थंड असताना कसं सुरू होतं हे तुम्हाला बघू द्यायचं नव्हतं, असं समजा.

### नंबर

१७ अक्षरी चासी क्रमांक १९८१ पासून रूढ झाला. त्याआधीच्या गाड्यांवर प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती आणि क्रमांक बहुधा आखूड असायचा. तो तुमच्या मॉडेलमध्ये नेमका कुठे ठोकलेला असतो हे घरूनच शोधून जा. तिथे गेल्यावर विक्रेता दाखवेल ती पाटी बघून समाधान मानू नका. पाटी चार रिव्हेट काढले की बदलते. चासीच्या लोखंडात ठोकलेला नंबर बदलायला बरीच खटपट लागते, आणि त्या खटपटीच्या खुणा राहतात.

ती जागा चिंधीने स्वच्छ पुसा, कागद ठेवा आणि त्यावर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. आकड्यांचा ठसा कागदावर उमटतो. आता बघा: सगळ्या आकड्यांची खोली सारखी आहे का, एखादा आकडा दुसऱ्या आकड्यावर ठोकलेला दिसतो का, आजूबाजूला ग्राइंडरचे बारीक समांतर ओरखडे आहेत का, तेवढ्याच तुकड्यावर ताजा रंग आहे का, तुकड्याच्या कडेने वेल्डिंगची रेघ आहे का. टॉर्च सरळ मारू नका, बाजूने तिरपी धरा, म्हणजे घासलेला भाग लगेच उठून दिसतो.

इथे एक सावधगिरी दुसऱ्या बाजूनेही हवी. जुन्या कारखान्यांत नंबर अनेकदा हातानेच ठोकत, त्यामुळे थोडी वाकडी ओळ म्हणजे लबाडी असं नाही. त्याच मॉडेलच्या, त्याच सालाच्या दुसऱ्या गाडीवरचा ठसा त्या मॉडेलच्या क्लबकडून किंवा एखाद्या मालकाकडून मागवा आणि शेजारी ठेवून बघा. तुमचा पेन्सिलचा कागद यासाठीच जपून आणायचा.

इंजिन नंबर कागदाशी जुळत नसेल तर व्यवहार मोडायलाच हवा असं नाही. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत इंजिन बदललेलं असू शकतं. पण मग ते मूळ इंजिन नाही हे पावतीवर यायला हवं आणि भावात उतरायला हवं. शिवाय बदललेल्या इंजिनाची नोंद कागदात नसेल तर नाव बदलताना तुम्हीच अडकाल.

### पत्रा

चुंबक दाराच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे आत पुटी आहे. गाडीचा पत्राच ॲल्युमिनियमचा असेल तर चुंबक कुठेच धरणार नाही, तेव्हा बॉडी कशाची आहे हे आधी माहीत करून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३वा आठवडा. ही पद्धत २००० पासूनची आहे, त्याआधी तीनच आकडे असत. ‘नुकतेच टायर टाकलेत’ हे वाक्य तपासायला एवढं पुरतं, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्यांकडे कसं बघायचं तेही कळतं.

### सुट्या वस्तूंची यादी

हे बहुतेक जण करत नाहीत आणि नंतर हळहळतात. बघायची फेरी आणि पैसे द्यायची फेरी यांच्यामध्ये काही दिवस जातात. तेवढ्यात मूळ कार्बोरेटर जाऊन दुसराच बसतो, घड्याळाची तबकडी बदलते, चाकाच्या टोप्या तीनच उरतात. म्हणून कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, दिवे, डॅशबोर्डवरची मीटर, बोनेटवरचं चिन्ह, टोप्या, जॅक, हत्यारांची पिशवी, सुटे चाक या प्रत्येकाचा जवळून फोटो काढा. नंबर असेल तर तो वाचता येईल असा. तेच फोटो त्याच संध्याकाळी विक्रेत्याला पाठवा आणि खाली लिहा: ‘गाडी या वस्तूंसह बघितली.’ त्याने होकार दिला की तुमच्या हातात एक नोंद आली.

तपासणी: निघण्याआधी तीन नावं जुळवा: ओळखपत्रावरचं, गाडीच्या कागदांवरचं आणि फोनवर सांगितलेलं. फोटोतला चेहरा समोरच्या माणसाचा आहे ना तेही बघा.

## टप्पा ४: भाव आणि इसार

भाव शक्यतो घरी येऊन, फोनवर ठरवा. गाडीसमोर उभं राहून ठरवलेल्या भावात मोहाचा वाटा असतो. ठरला की लगेच संदेशातून लिहून घ्या: किंमत, काय काय त्यात येतं, गाडी कधी न्यायची.

विक्रेता इसार मागेल. त्याच्या बाजूने ते रास्तही आहे, कारण तो दुसऱ्यांना नाही म्हणणार असतो. पण इसार लहान ठेवा, बुडाला तर रात्रीची झोप उडणार नाही एवढाच, आणि तो रोख देऊ नका. मालकाच्या नावाच्या खात्यात पाठवा. खात्याचं नाव कागदांवरच्या नावाशी जुळलं की एक तपासणी आपोआप होते. इसारपावतीवर दोन अटी हव्यात: कागद किंवा नंबर ठरल्याप्रमाणे नसतील तर पूर्ण रक्कम परत, आणि तुम्ही विनाकारण मागे हटलात तर इसाराचं काय होणार. दुसरी अट तुमच्या विरुद्ध असली तरी ती लिहा. वाद तिथेच होतात.

## टप्पा ५: पावती आधीच लिहून ठेवा

पैसे दिल्यावर पावती लिहायला बसलात तर घाई होते, पेन सापडत नाही, चासी नंबर आठवणीतून लिहिला जातो. पावती घरी तयार करा, दोन प्रती काढा, फक्त तारीख, वेळ आणि सह्यांची जागा मोकळी ठेवा. मजकूर साधा असू द्या:

> मी (पूर्ण नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक) माझ्या मालकीची (कंपनी, मॉडेल, साल) गाडी, नोंदणी क्रमांक …, चासी क्रमांक …, इंजिन क्रमांक …, सोबतच्या यादीतल्या वस्तूंसह (घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता) यांना विकली आहे. एकूण किंमत अंकी …, अक्षरी …. त्यापैकी इसार … या तारखेला बँकेतून मिळाला. उरलेली रक्कम अंकी …, अक्षरी …, आज रोख मोजून मिळाली. गाडीवर कोणाचंही कर्ज, तारण किंवा हक्क नाही. ती चोरीची नाही. तसं निघाल्यास पूर्ण रक्कम परत करण्याची जबाबदारी माझी राहील. गाडीची अवस्था घेणाऱ्याने पाहिली आहे व ती जशी आहे तशी घेतली आहे. ताबा … रोजी … वाजता दिला.

शेवटची दोन वाक्यं विक्रेत्याच्या हिताची आहेत. ती असली की त्याला बाकीच्यावर सही करताना धास्ती वाटत नाही. अवस्था जशी आहे तशी घेणं ठीकच, जुन्या गाडीत दुसरं काय होणार. मालकीच्या बाबतीत मात्र ‘जशी आहे तशी’ मान्य करू नका.

साक्षीदार दोन, एक तुमचा आणि एक त्याचा. प्रत्येक पानावर सही, वस्तूंच्या यादीवरही. नाव बदलण्याचे सरकारी अर्ज वेगळे, तेही भरूनच न्या.

## टप्पा ६: रोख काढणं आणि नेणं

सर्वांत चांगली जागा बँकेची शाखा, आणि शक्यतो विक्रेत्याचीच. तुम्ही नोटा काउंटरवर ठेवता, कॅशियर मोजतो, मशीन खोटी नोट पकडतं, पैसे विक्रेत्याच्या खात्यात जमा होतात आणि शिक्का मारलेली स्लिप निघते. मोजणीचा वाद, बनावट नोटेचा वाद आणि वाटेत लुटलं जाण्याची भीती तिन्ही एकदम मिटतात. विक्रेत्याला रोखच हवी आहे पण बँकेत मात्र यायचं नाही, असं असेल तर कारण विचारा. कारण पटण्यासारखं नसेल तर गाडी सोडा.

मोठी रक्कम काढायची असेल तर शाखेला आधी कळवून ठेवा. मोठ्या नोटा मागा. बँकेच्या पट्ट्या असलेली बंडलं तशीच ठेवा, प्रत्येक बंडलातल्या पहिल्या आणि शेवटच्या नोटेच्या क्रमांकाचा फोटो घ्या. पैसे काढल्याची स्लिप पावतीच्या फाइलमध्ये.

बँक शक्यच नसेल तर दिवसा, कॅमेरे असलेल्या, माणसांचा वावर असलेल्या बंद जागेत भेटा. अमेरिकेत काही पोलीस ठाण्यांनी अनोळखी लोकांच्या देवाणघेवाणीसाठी कॅमेऱ्याखालची जागाच राखून ठेवली आहे. तुमच्याकडे तशी सोय असेल तर जरूर वापरा. एकटे जाऊ नका. सोबतच्या माणसाचं काम पैशांवर लक्ष ठेवणं एवढंच, त्याने गाडीत रमू नये.

ठरलेली रक्कम एका पाकिटात आणि टो करणाऱ्याचे पैसे दुसऱ्या खिशात. जास्तीचे पैसे बरोबर नेऊ नका. भाव आधीच ठरलेला आहे, आणि खिशात जास्त पैसे दिसले की तो पुन्हा वर सरकतो.

इशारा: निघाल्यावर किंवा पोहोचल्यावर भेटीची जागा बदलली, ‘इथून जरा पुढे, मागच्या गल्लीत या’ असं सांगितलं गेलं तर पैसे घेऊन परत फिरा. इसार बुडाला तरी चालेल.

## टप्पा ७: मोजणी आणि देवाणघेवाण

या टप्प्याचा क्रम घट्ट आहे.

१. आधी गाडी पुन्हा बघा. चासी नंबर तोच आहे ना, फोटोंच्या यादीतली प्रत्येक वस्तू जागेवर आहे ना. पाकीट अजून सोबत्याकडेच.

२. मग टेबलावर कागद मांडा: मूळ नोंदणीचे कागद, सह्या केलेले नाव बदलण्याचे अर्ज, पावतीच्या दोन्ही प्रती, किल्ल्या. सह्या आत्ताच करून घ्या. विक्रेता म्हणेल, आधी पैसे. त्याला सांगा, सही झालेला कागद तुमच्याच हाताखाली राहू द्या, पैसे मोजून झाले की इकडे द्या. या तोडग्याला खरा विक्रेता तयार होतो.

३. आता नोटा मोजा. तुम्ही मोठ्याने मोजा, समोरच्याला दिसेल अशा ढिगाऱ्यांत, प्रत्येक ढीग सारख्या संख्येचा. मधे कोणी बोललं, फोन वाजला, चहा आला तर तो ढीग पहिल्यापासून मोजा.

४. मग विक्रेता मोजेल. नोटा टेबलावरच राहतील, आतल्या खोलीत जाणार नाहीत.

चौथ्या पायरीवर एक जुनी हातचलाखी होते, ती नीट समजून घ्या. विक्रेता मोजतो आणि गठ्ठा परत देत म्हणतो, ‘यात एक नोट कमी आहे, तुम्हीच बघा.’ तुम्ही मोजता, खरंच एक कमी भरते. तुम्ही ओशाळून एक नोट वर ठेवून गठ्ठा परत देता. ती कमी भरलेली नोट गठ्ठा तुमच्याकडे येण्याआधीच त्याच्या तळहातात गेलेली असते, आणि गठ्ठा परत घेताना खालच्या आणखी काही जाऊ शकतात. उपाय असा: कमी आहे असं म्हटलं गेलं की सगळे ढीग टेबलावर मोकळे करा आणि शून्यापासून, सगळे मोजा. फक्त कमी भरलेला गठ्ठा मोजून वर नोट टाकू नका. आणि नोटा क्षणभरही नजरेआड झाल्या असतील तर त्या परत आल्यावर पुन्हा पूर्ण मोजणी.

‘यातली एक नोट खोटी आहे, बदलून द्या’ हा त्याचाच भाऊबंद प्रकार. तुमची खरी नोट त्याच्या खिशात जाते आणि त्याची खोटी तुमच्या हातात येते. क्रमांकांचे फोटो आणि न फोडलेल्या पट्ट्या इथे कामाला येतात. नोटा तपासायच्या पेनवर कोणी भरवसा ठेवत असेल तर सांगा: त्यातल्या आयोडीनची साध्या कागदातल्या स्टार्चशी प्रक्रिया होऊन डाग काळा पडतो, एवढंच. प्लॅस्टिकच्या नोटेवर तो चालत नाही, आणि खऱ्या लहान नोटेचा रंग धुऊन त्यावर मोठी नोट छापलेली असेल तर पेन तिला खरीच ठरवतं.

५. दोघांची मोजणी जुळली की एकाच वेळी अदलाबदल: नोटा तिकडे, कागद आणि किल्ल्या इकडे. सोबत्याने या क्षणाचा छोटा व्हिडिओ घ्यावा, विक्रेत्याला सांगून. त्यात विक्रेत्याने तोंडाने म्हणावं: अमुक गाडीची इतकी रक्कम रोख मिळाली.

## टप्पा ८: गाडी त्याच फेरीत न्या

पैसे दिलेली गाडी मागे ठेवू नका. टो करणारी गाडी पैसे द्यायच्या वेळी बाहेर उभी असली पाहिजे. कितीही वर्षं उभी असलेली गाडी ‘चालवतच नेतो’ म्हणू नका. ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगलेल्या असतात आणि विमाही तुमच्या नावावर नसतो.

नाइलाजाने ठेवावीच लागली तर पावतीत तसं लिहा, शेवटची तारीख टाका आणि डिस्ट्रिब्युटर, हत्यारं, बोनेटवरचं चिन्ह अशा सहज निघणाऱ्या मौल्यवान वस्तू बरोबर आणा. नाव बदलण्याचा अर्ज पुढच्या कामाच्या दिवशीच द्या.

## सुटे पार्ट घेताना

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये आणि इंग्लंडात ब्यूलीला सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या जुन्या पार्टांच्या बाजारांसारख्या ठिकाणी दोन फेऱ्यांचा नियम लागू करता येत नाही. तिथे बघणं, ठरवणं आणि पैसे देणं एकाच उभ्यात होतं. मग काळजी दुसऱ्या जागी घ्यायची.

पैसे तीन-चार जागी विभागून ठेवा आणि एका वेळी एकाच खिशातून काढा. लहान नोटा भरपूर न्या. सुटे नाहीत म्हणून वीस-तीस टक्के जास्त देऊन येणारे लोक असतात. भाव करताना मोठं पाकीट बाहेर दिसलं की तुमची ताकद गेली.

पार्ट ओळखायला त्यावरच्याच खुणा पुरतात. लुकास कंपनीच्या जुन्या डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमोवर पार्ट नंबराबरोबर महिना आणि सालही ठोकलेलं आढळतं. शेव्हरलेच्या जुन्या इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते: ए ते एल या अक्षरांनी जानेवारी ते डिसेंबर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. १९६५ च्या गाडीसाठी घेतलेला ‘मूळ’ ब्लॉक १९६८ मध्ये ओतलेला निघाला तर बोलणं तिथेच संपतं. शेवटचा आकडा एकच असल्यामुळे दशकाचा गोंधळ होऊ शकतो, तिथे ओतकाम क्रमांकही जुळवा.

कोऱ्या जुन्या मालाच्या, म्हणजे जुन्या पण कधीच न वापरलेल्या पार्टच्या बाबतीत खोका उघडल्याशिवाय पैसे काढू नका. मूळ कंपनीचा पिवळा पडलेला खोका आणि आत कालपरवा बनलेली नक्कल, हा प्रकार सर्रास चालतो. खोक्यावरचा नंबर आणि पार्टवरचा नंबर जुळला पाहिजे. बरोबर कॅलिपर आणि सरळ पट्टी ठेवा: सिलिंडर हेड वाकलंय का ते पट्टीखाली टॉर्च धरून दिसतं, शाफ्टची झीज कॅलिपरने कळते. जस्ताच्या ओतीव भागांवर, दारांच्या मुठींवर किंवा दिव्यांच्या चौकटींवर, क्रोमखाली फोड आलेले असतील तर ते पॉलिशने जाणार नाहीत. त्यांचा भाव मोडीइतकाच धरा.

पावती इथेही हवी, चार ओळींची चालते: पार्टचं नाव, नंबर, रक्कम, विक्रेत्याचं नाव आणि फोन, तारीख. पार्ट बसला नाही किंवा आतून तडकलेला निघाला तर किती दिवसांत परत घेणार, हे त्याच चार ओळींत लिहून घ्या. नंतर विचारलं तर ‘आम्ही परत घेत नाही’ हेच ऐकायला मिळतं. विक्रेत्याच्या गाडीची नंबरप्लेट आणि स्टॉल यांचा एक फोटो असू द्या. कुरिअरने येणाऱ्या पार्टसाठी आधी रोख पाठवू नका, पाकिटातून तर कधीच नाही.

## काही बिघडलं तर

नंबर बनावट आहे किंवा गाडी चोरीची आहे असं नंतर लक्षात आलं तर गाडी विकू नका, रंगवू नका आणि नंबराच्या जागेला हात लावू नका. विक्रेत्याला लेखी कळवा आणि पोलिसांकडे जा. स्वतःहून गेलात तर तुम्ही फसलेले ठरता. गप्प बसून गाडी पुढे विकली तर तुम्हीही त्या साखळीत येता. पेन्सिलचा ठसा, फोटोंची यादी, पावती, पैसे काढल्याची स्लिप, नोटांचे क्रमांक आणि व्हिडिओ एकत्र घेऊन जा.

पावतीची मूळ प्रत घरी आणि स्कॅन दुसरीकडे ठेवा, गाडी तुमच्याकडे असेपर्यंत. बँकेच्या मशीनमधून निघणारी स्लिप थर्मल कागदावरची असली तर काही महिन्यांत पुसट होते. तिचा फोटो त्याच दिवशी काढा.